शेतास उघडी आहे

नेरूळच्या त्या लॉ कॉलेजने एल.एल.एम. सुरू केलं, त्या वर्षी बेलापूरच्या कचेऱ्यांसमोर प्रत्येक खांबावर पिवळे फलक झळकले होते : 'नोकरदारांसाठी लवचिक एल.एल.एम. दोन वर्षांत पदव्युत्तर व्हा.' पहिलं सत्र संपेपर्यंत अक्षता हाटेला त्या 'लवचिक'चा अर्थ नीट कळला. तास शनिवारी दुपारी आणि रविवारी सकाळी. शनिवारी जमलं नाही तर रविवारी या, रविवारी जमलं नाही तर पुढच्या महिन्यात या, आणि मुळीच जमलं नाही तरी मनाला लावून घेऊ नका. हजेरीपट कपाटातच असतो, वर्षअखेरीला येऊन एकदम सह्या करा. माणसाचा कणा काढला की तोसुद्धा असाच हवा तसा वाकेल, असं तिचं मत झालं. ते तिने कुणाला सांगितलं नाही, कारण त्या वर्गात सांगण्याजोगं कुणी नव्हतं.

वर्ग म्हणजे निम्मं बेलापूरच होतं. कचेऱ्यांतले विधी अधिकारी, कोर्टातले वकील, बढतीच्या वाटेवर अडकलेले दोन फौजदार आणि कंबरेला पेजर लावून येणारा एका बिल्डरचा मुलगा. जो तो व्हिजिटिंग कार्डावर तीन अक्षरं वाढवायला आलेला. चाळीस जणांत पुस्तकं विकत घेतली होती सहा जणांनी, आणि उघडली होती बहुधा एकट्या अक्षताने. गाढवापुढे वाचली गीता म्हणावं, तर इथे गीता वाचणारे प्राध्यापक स्वानंद गुर्जर हेही त्याच कुळीतले. आपल्या विद्यार्थिदशेतल्या वह्या ते संथ आवाजात वाचून दाखवत, आणि मध्येच एखादं पान चिकटलेलं निघालं तर तो मुद्दा अभ्यासक्रमातून गळून जाई. चाळीसही जणांच्या प्रबंधांचे मार्गदर्शक तेच होते.

अक्षता एकतीस वर्षांची. भूसंपादनाच्या दाव्यांचं काम चालणाऱ्या एका सरकारी कचेरीत ती मराठी लघुलेखक होती. अकरा वर्षं ती साहेब लोकांची वाक्यं वहीत उतरवून घेत होती, आणि त्यांतली निम्मी टाइप करताना गुपचूप दुरुस्त करत होती. नोकरी सांभाळून तिने वकिलीची पदवी घेतली होती. आता तिच्या कचेरीत विधी सहायकाची जागा निघणार होती, आणि अट होती एल.एल.एम.ची. साहेबाच्या टेबलाच्या अलीकडून पलीकडे जायची तिला ही एकच वाट होती. ती वाट या लवचिक कॉलेजातून जात होती, त्याला तिचा इलाज नव्हता.

वाटेत सरनोबत बसले होते. दिलीप सरनोबत हे तिचे साहेब, कचेरीचे विधी अधिकारी. माणूस कोल्हापूरकडचा, उंचापुरा, कडक इस्त्रीचा, आणि बोलायला लागला की समोरच्याला वाटावं, कायदा याच्याच घरी पाळण्यात वाढला. याच वर्गात ते तिचे सहाध्यायीही होते. दोन वर्षांत ते मोजून पाच रविवार आले, पाचही वेळा पहिल्या बाकावर बसले आणि पाचही वेळा गुर्जरसरांना मध्येच थांबवून कचेरीतला एखादा किस्सा सांगते झाले. उथळ पाण्याला खळखळाट फार. सोमवार ते शुक्रवार ते तिला "हाटेबाई, डिक्टेशन" म्हणत आणि वर्गात आले की "हाटेबाई, नोट्स" म्हणत. आवाजात फरक नसे.

परीक्षेला बसायचं तर नोकरदाराला आपल्या कचेरीचा ना-हरकत दाखला जोडावा लागे. सरनोबतांनी आपला दाखला वरच्या साहेबांकडून एका दुपारी सही करून आणला. अक्षताचा अर्ज दिवाळीपासून त्यांच्या खणात होता. तिने तीनदा आठवण केली. चौथ्यांदा त्यांनी खण उघडला, अर्ज आहे याची स्वतःशी खात्री केली आणि खण बंद केला. दाखल्याचं काय, देऊन टाकू, ते म्हणाले, पण आधी आमच्या प्रबंधाचं बघा. तुमचा प्रबंध मार्चअखेरपर्यंत चालतो, मला डिसेंबरात द्यायचाय.

तर असा हा प्रबंध अक्षताच्या टेबलावर आला. विषय भारदस्त होता : 'खाडीकाठच्या जमिनींचे संपादन आणि कुळांचे हक्क'. इंग्रजीत लिहायचा तर इंग्रजी यायला हवं, म्हणून साहेबांचा मातृभाषेचा अभिमान ऐन वेळी जागा झाला होता आणि प्रबंध मराठीत होणार होता. अर्पणपत्रिका आणि ऋणनिर्देश त्यांनी स्वतः लिहून आणले. त्यात पत्नी नंदिनीने सोसलेल्या जागरणांचा उल्लेख होता, गुर्जरसरांच्या ऋषितुल्य मार्गदर्शनाचा होता, आणि कचेरीतल्या चहावाल्याचाही होता. टाइप करणारीचा नव्हता. पुढच्या पानावर प्रतिज्ञापत्र : 'हे माझे स्वतंत्र संशोधन असून सर्व मूळ अभिलेख मी स्वतः तपासले आहेत.' एवढं झाल्यावर राहिलं ते फक्त संशोधन. त्याची पद्धत अशी होती, की साहेब जुन्या फायलींत पेन्सिलीने खुणा करत आणि म्हणत, "हे घाला."

अक्षता जेवणाच्या सुट्टीत आणि सहानंतर तासभर बसून 'हे' घालत होती. तीन प्रकरणं तिने मुकाट्याने घातली. चौथ्यापाशी ती अडली.

चौथं प्रकरण होतं सारसोळ्याच्या हिरामणचं. हिरामण मरून बारा वर्षं झाली होती. त्याची बायको बायजाबाई दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी कचेरीत येऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसायची. हिरामण एका शेटच्या खारजमिनीत कूळ म्हणून भात पिकवायचा. जमीन शहरासाठी गेली. आता गेलेल्या जमिनीपोटी ज्याला त्याला विकसित भूखंड मिळत होता, तर हा भूखंड शेटच्या वारसांना द्यायचा की कुळाच्या बायकोला, एवढाच प्रश्न होता. कागदावर कुळाचं नाव लागलेलं नव्हतं. जमीन तेव्हा कसली जात होती असं ठरलं, तर बायजाबाईला. पड होती असं ठरलं, तर शेटला. या प्रश्नावर सरनोबतांनी फायलीवर अभिप्राय लिहिला होता, आणि तोच अभिप्राय आता संशोधन म्हणून प्रबंधात जायचा होता. वाक्य असं होतं : 'खुद्द कुळानेच १९७३ सालच्या जबाबात जमीन "...उघडी आहे" असे कबूल केले असल्याने, ती पड होती हे निर्विवाद आहे.'

अक्षताला ती तीन टिंबं खटकली. टिंबं देणाऱ्या माणसाला काहीतरी खायचं असतं, हे ती अकरा वर्षांत शिकली होती. तिने मूळ जबाब काढला. जबाब लघुलेखकाने टिपून मग टाइप केलेला होता, कागद पिवळा पडला होता पण अक्षरं शाबूत होती : 'माझे शेतास उघडी आहे. ती दरसाल मीच दुरुस्त करतो.'

तिने ते वाक्य दोनदा वाचलं. मग तिला हसू आलं, आणि हसता हसता अंगावर काटाही आला. शेत उघडं असतं. जमीन उघडी असते. 'शेतास उघडी' काय असते? आणि उघडी म्हणजे उघडीबोडकी, तर तिला दरसाल दुरुस्त कोण करतं?

असल्या वाक्यावर विधी अधिकारी सहज पुढे जाईल, पण लघुलेखक जाणार नाही. कारण लघुलिपीत वेगाने लिहिताना स्वर गळतात. काना, मात्रा, सगळं हवेत सोडून फक्त व्यंजनांच्या रेघा ओढायच्या, आणि मागाहून टाइप करताना अर्थ पाहून स्वर भरायचे. उघडी आणि उघाडी, दोन्हींची रेघ एकच. १९७३ सालचा तो लघुलेखक कुठून तरी घाटावरून आलेला असणार. त्याला जो शब्द ठाऊक होता तो त्याने भरला. एक काना गेला आणि शेताबरोबर बायजाबाईचा भूखंडही गेला.

उघाडी अक्षताला ठाऊक होती. रोह्याच्या खाडीकाठचं तिचं गाव, आणि तिचे आजोबा गंगाराम गावच्या उघाडीचे राखणदार. समुद्राचं पाणी शेतात येऊ नये म्हणून खाडीला मातीचा बांध घालतात, आणि त्या बांधात एक लाकडी दार बसवतात. भरतीला दार लावायचं, ओहोटीला उघडून शेतात साचलेलं पावसाचं पाणी बाहेर सोडायचं. त्या दाराला म्हणतात उघाडी. दार कुजलं, की एका भरतीत अख्ख्या गावाचं पीक खारं. आजोबांना महिन्याच्या सगळ्या भरत्या तोंडपाठ असत. ज्या गावाने त्यांना विहिरीला हात लावू दिला नाही, त्या गावाचं पोट त्यांच्या हातातल्या दारावर होतं, हे तिची आई भिमाबाई अजूनही दात-ओठ खाऊन सांगे. अक्षताच्या स्वतःच्या प्रबंधाचा विषयही हाच होता : खारबांध आणि उघाड्या राखणाऱ्यांचे हक्क. त्याची शंभरेक पानं तिने वहीत लिहून ठेवली होती. म्हणजे ज्याच्या घरी उघाडी, त्याच्याच हातून टाइप व्हायचं होतं की उघाडी नव्हती.

पहिला सोमवार आला तेव्हा ती व्हरांड्यात जाऊन बायजाबाईशेजारी बसली आणि हिरामणने जबाबात काय सांगितलं असेल ते विचारलं.

"उघाडी सांगली असंल, दुसरं काय," बायजाबाई म्हणाली. "आमचे शेताला उघाडी व्हती बाय. भरतीला लावाची, सुकतीला उघडाची. खारं पानी आत येवाला नाय पायजे. दर साली नवीन फळी घालाचा तो. कां गो, कागदान नाय का तां?"

आहे, पण चुकून लिहिलंय, असं अक्षता म्हणाली. म्हातारीने मान हलवली. कागदात चुकून लिहिलेलं असतं याचं तिला नवल वाटलं नाही.

अक्षता साहेबांकडे गेली. तिने सगळं सांगितलं, रेघ काढून दाखवली, व्याकरण दाखवलं, दरसाल दुरुस्त करण्याचं वाक्य दाखवलं. सरनोबतांनी ऐकून घेतलं, म्हणजे ती बोलत असताना त्यांनी दोन पत्रांवर सह्या केल्या. मग ते हसले. गावंढळ माणसं कसं बोलतात तुम्हाला सांगायला नको, ते म्हणाले. त्यांना कुठली विभक्ती आणि कुठलं लिंग. आणि हा तुमचा शब्द, हा कुठल्या कोशात आहे? तिने आजोबांचं नाव घेतलं. ते तिने घ्यायला नको होतं.

"हाटेबाई," सरनोबत म्हणाले, "तुमचे आजोबा दार उघडत-लावत होते. संशोधन आम्हाला करू द्या. तुम्ही टाइप करा."

ती जागेवर येऊन बसली. तिचे कान तापले होते. या माणसाची मातृभाषा मराठी, याला विभक्ती कळत नाही, आणि हा हिरामणला गावंढळ म्हणतो. त्या अडाण्याच्या वाक्यात एक चूक नव्हती. कर्ता, कर्म, विभक्ती, सगळं जागच्या जागी होतं, ऐकणाऱ्यांच्याच डोक्यात नव्हतं. नाचता येईना अंगण वाकडं. तिने टाइपरायटरला कागद लावला, आणि लावता लावता तिच्या ध्यानात आलं की हा माणूस आपला प्रबंध कधीही वाचणार नाही. पहिल्या तीन प्रकरणांतलं एक अक्षर त्याने तपासलं नव्हतं. वाचायची सवयच नव्हती त्याला, ऐकवायची होती.

मग तिने चौथं प्रकरण लिहिलं. टाइप केलं असं म्हणता येणार नाही, लिहिलंच. उघाडी म्हणजे काय, ती कोण बांधतो, कोण राखतो, जबाबात काना कसा गळला, आणि उघाडी दरसाल दुरुस्त करणारा माणूस पडीक जमिनीसाठी ती करत नसतो, सबब जमीन कसली जात होती. आपल्या वहीतली नऊ पानं तिने त्यात ओतली. हे शहाणपणाचं नव्हतं, हे तिला कळत होतं. दाखला अजून खणात होता. पण खोटं ठरलेलं ते वाक्य तिच्या बोटांतून जाईना. साहेबांनी बांधणीनंतर सोनेरी अक्षरांवर बोट फिरवलं, प्रतिज्ञापत्रावर झोकदार सही केली आणि पेढे वाटले. दाखल्याचं तिने काढलं, तर म्हणाले, तोंडी परीक्षा होऊ द्या.

तोंडी परीक्षेला बाहेरून अलिबागकडचे एक निवृत्त न्यायाधीश आले होते. बाकीच्यांना त्यांनी पाच-पाच मिनिटांत मोकळं केलं. सरनोबतांपाशी थांबले. सारा वर्ग दाराशी उभा होता, अक्षताही होती. न्यायाधीशांनी चौथं प्रकरण उघडलं आणि म्हणाले, आमच्या बालपणी आम्ही उघाडीवर मासे धरायचो हो, हा शब्द कुणा कायदेवाल्याने प्रबंधात आणलेला मी पहिल्यांदा पाहिला. काना गळल्याचं तुम्ही शोधलंत, हे तर केवळ थोर. सरनोबतांच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीच उमटलं नाही. आपली स्तुती चालली आहे एवढं त्यांना कळलं, कशाबद्दल ते कळलं नाही. पण स्तुती कशाबद्दल का असेना, ती परत करायची त्यांच्या घराण्यात रीत नव्हती.

"मुळाशी गेल्याशिवाय मला चैन पडत नाही, साहेब," ते म्हणाले.

सत्तर टक्के मिळाले. कॉलेजचा उच्चांक. घरी गेल्यावर तरी तो माणूस चौथं प्रकरण उघडून पाहील, असं अक्षताला वाटलं होतं. त्याने पाहिलं नाही. प्रबंधाची एक प्रत ग्रंथालयात गेली, एक त्यांच्या दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये, काचेच्या बदकांशेजारी.

आता ग्रंथालयातल्या प्रतींचं काय व्हायचं, तेही सांगायला हवं. पुढच्या विद्यार्थ्यांनी त्या पाहून शिकावं असा कॉलेजचा हेतू होता. ज्यांचे प्रबंध अजून व्हायचे होते ते त्याआधीच त्या उचलून नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे नेत, नाव बदलत आणि परत आणून ठेवत. वर्गात मागच्या बाकावर बसणारे वकील नामदेव भोईर यांनी सत्तर टक्क्यांची बातमी ऐकली आणि थेट तीच प्रत उचलली. भोईर हे बायजाबाईचे वकील. चार वर्षं तिची केस चालवत होते, म्हणजे तारखा घेत होते. मूळ जबाब त्यांच्या फायलीतही होता, तो त्यांनी कधी नीट वाचला नव्हता. पण चोरीचा माल कुठून कुठपर्यंत घ्यायचा हे ठरवायला माणसाला वाचावंच लागतं. पान त्रेसष्टावर त्यांना आपल्याच अशिलाचं नाव दिसलं, आणि चार वर्षांत त्यांना जमलं नव्हतं ते त्या झेरॉक्सवाल्याच्या दुकानात झालं. त्यांना त्यांची केस समजली.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात भोईरांचा अर्ज कचेरीत येऊन थडकला. सोबत प्रबंधाची साक्षांकित प्रत. कचेरीचे विधी अधिकारी फायलीवर लिहितात जमीन पड होती, आणि तेच विधी अधिकारी, मूळ अभिलेख स्वतः तपासून, प्रतिज्ञेवर लिहितात जमीन कसली जात होती. दोहोंपैकी खरं काय, याचा खुलासा व्हावा. वरच्या साहेबांनी अर्जाच्या कोपऱ्यात लाल शाईने एकच शब्द लिहून तो सरनोबतांकडे पाठवला : 'खुलासा?'

सरनोबतांनी त्या दिवशी आपला प्रबंध पहिल्यांदा वाचला. वाचून झाल्यावर अक्षताला आत बोलावलं आणि शिपायाला दार लावून घ्यायला सांगितलं.

ते बराच वेळ बोलले. विश्वासघात, शिस्तभंग, निलंबन, असे सगळे जड शब्द त्यांनी ओळीने मांडले. तिने मुद्दाम कट केला, भोईरशी संगनमत केलं, म्हातारीकडून काही घेतलं. अक्षता ऐकत उभी राहिली. सवयीने तिने मनातल्या मनात त्यांच्या दोन वाक्यांतली क्रियापदं दुरुस्तही केली. तिला भीती वाटत होती, पण तिरस्कार त्याहून मोठा होता, आणि त्याने तिचे पाय स्थिर ठेवले.

"साहेब, मी लिहून देते," ती म्हणाली. "पान अठ्ठावन्न ते सहासष्ट मी लिहिलंय, साहेबांनी लिहिलेलं नाही. माझ्या वहीत मूळ मजकूर आहे, तारखांसकट. तो जोडते. मग तुमचा फायलीवरचा अभिप्राय खरा ठरेल."

सरनोबतांच्या डोळ्यांसमोरून काय काय गेलं असेल ते अक्षता ओळखून होती : सत्तर टक्के, पदवी रद्द केल्याचं विद्यापीठाचं पत्र, शोकेस. अभिप्राय वाचवावा तर पदवी जाते, पदवी वाचवावी तर अभिप्राय जातो. अभिप्राय जाणं म्हणजे एका म्हातारीला तिचा भूखंड मिळणं, एवढंच. त्यांनी फार वेळ घेतला नाही.

त्यांनी खण उघडला आणि तिचा अर्ज बाहेर काढला. मग कोरा कागद तिच्यापुढे सरकवला आणि मजकूर सांगू लागले, तिने अकरा वर्षं घेतला होता तसाच, डिक्टेशन म्हणून : मी, खाली सही करणारी, लिहून देते की श्री. सरनोबत यांच्या प्रबंधाचे मी केवळ टंकलेखन केले असून त्यातील मजकूर, संशोधन व निष्कर्ष सर्वस्वी त्यांचे आहेत. ना-हरकत दाखल्यावरची सही त्यांनी तिच्यादेखत केली, पण कागद आपल्या हाताखाली धरून ठेवला.

अक्षताने विचार केला. मार्चअखेरीला तेवीस दिवस होते. या कागदावर सही केली तर तिचा प्रबंध वेळेत दाखल होतो, तिची पदवी होते, बायजाबाईला भूखंड मिळतो. सही नाही केली तर या माणसाचं नाक कापलं जातं, आणि त्यापायी बायजाबाईचा भूखंड जातो, तिची स्वतःची पदवीही जाते. नाकाची तिला फार इच्छा होती. तिने सही केली.

सरनोबतांनी फायलीवर नवा अभिप्राय लिहिला. 'सखोल संशोधनाअंती' अशी त्याची सुरुवात होती. एप्रिलच्या पहिल्या सोमवारी बायजाबाईला पत्र मिळालं. भोईरांनी सारसोळ्यात सत्कार ठरवला आणि सरनोबतांना शाल-श्रीफळ दिलं. ते भाषणात म्हणाले की खाडीची आणि त्यांची नाळ जुनी आहे. समोर बसलेल्या कोळ्यांनी कोल्हापूरला खाडी कुठली ते विचारलं नाही. बायजाबाईने साहेबांच्या पाया पडायचं तेवढं नाकारलं. गुडघे दुखतात म्हणाली.

हे सगळं चालू असताना अक्षताने आपला प्रबंध पुरा केला होता. अठ्ठावीस मार्चला ती तो घेऊन गुर्जरसरांकडे गेली होती. सरांनी पानं चाळली आणि एके ठिकाणी बोट ठेवलं. उघाडीची व्याख्या चांगली आहे, पण तळटीप काय दिलीय ही? 'गंगाराम हाटे, उघाडीचे राखणदार.' कोण हे? आजोबा? ते हळहळले. आजोबा हा काही संदर्भ होत नाही, हाटेबाई. काहीतरी अधिकृत द्या. शोधायला लांब जायला नको, आपल्याच ग्रंथालयात आहे. सरनोबतांचा प्रबंध. न्यायाधीशांनी सुद्धा वाखाणलाय, तोच द्या.

तिने तोंड उघडलं होतं. मग तिला आपण सही केलेला कागद आठवला, आणि तो कुणाच्या खणात आहे तेही आठवलं. ती परत आली, टाइपरायटरला पानं लावली, आणि जिथे जिथे आजोबांचं नाव होतं तिथे तिथे ते खोडून टाइप केलं : 'सरनोबत, पृ. ६३.' सात ठिकाणी. प्रत्येक वेळी तिला शिवी द्यावीशी वाटली, आणि सातव्या वेळी तिने ती दिली, चांगली मोठ्याने. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी वर पाहिलं आणि विचारलं, रिबन तुटली का?

जूनमध्ये निकाल लागला. ती पास झाली, दुसऱ्या वर्गात. विधी सहायकाच्या अर्जाला तेवढं पुरेसं होतं. गुर्जरसरांनी तिला परीक्षकांचा शेरा दाखवला. परीक्षक तेच अलिबागचे न्यायाधीश. सुवाच्य अक्षरात त्यांनी लिहिलं होतं : 'मेहनत दिसते. मात्र उघाडीसंबंधीचे सर्व विवेचन श्री. सरनोबत यांच्या संशोधनावरून घेतलेले आहे. स्वतंत्र विचार दिसत नाही.'

अक्षताने तो शेरा दोनदा वाचला. पदवी हातात होती, आणि तिच्या आजोबांचा शब्द आता कायमचा त्या माणसाचा झाला होता, तिच्याच टाइपने, तिच्याच सहीने. सर मात्र खुशीत होते. मनाला लावून घेऊ नका, म्हणाले, पास झालात हे महत्त्वाचं, पेढे कधी देताय?

"पेढे सरनोबतसाहेबांकडून घ्या, सर," ती म्हणाली. "प्रबंध दोन्ही त्यांचेच आहेत."

हा तिचा नम्रपणा सरांना फार आवडला. असे विद्यार्थी आता राहिले नाहीत, असं ते कौतुकाने म्हणाले, आणि पुढच्याचा कागद पाहायला लागले.